गाडीचा सातबारा

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला आहार, आरोग्य, मुलांचा अभ्यास, बचत असे विषय घेण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘जुनी मोटार विकत घेताना’ हा विषय ऐकून काही भगिनींना नवल वाटले असेल. मोटार, तिचे इंजिन, तिचे कागद ही सारी पुरुषांची कामे, त्यांत आपण कशाला पडायचे, असेही कोणी मनात म्हणाले असेल. बॉनेट उघडून आत डोकावण्याचे काम अजून बहुतेक घरांत पुरुषच करतात हे खरे आहे. परंतु ती मोटार कोणाच्या पैशाने येते, ते पाहा. पतसंस्थेचे कर्ज, भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, भिशीचा लागलेला नंबर, आणि तेही पुरेनासे झाले म्हणजे कपाटातील पाटल्या! ज्या व्यवहारासाठी आपल्या पाटल्या गहाण पडतात, तो व्यवहार आपला नाही असे कसे म्हणता येईल?

आपल्या वसाहतीत हा विषय वरचेवर येतो. विद्युत केंद्राची नोकरी म्हणजे बदली आलीच. कोणी कोराडीला जातो, कोणी चंद्रपूरला, कोणी परळीला. कोणी निवृत्त होऊन गावी परततो. जाणारे कुटुंब गाडी विकून जाते आणि नव्याने आलेले कुटुंब ती घेते. शिवाय सुरतेहून नागपूरकडे जाणारा महामार्ग आपल्या दारावरून जातो. धुळ्याला त्याला मुंबई-आग्रा रस्ता मिळतो. मध्य प्रदेशाची हद्दही आपल्यापासून लांब नाही. त्यामुळे जुन्या गाड्यांच्या बाजारात जळगावची एमएच १९, धुळ्याची एमएच १८, नंदुरबारची एमएच ३९ आणि बुलढाण्याची एमएच २८ या पाट्यांच्या शेजारीच बऱ्हाणपूरची एमपी ६८ आणि सुरतेची जीजे ०५ अशाही पाट्या उभ्या दिसतात. गाडी चकचकीत असते, आत सुगंधी अत्तराची कुपी टांगलेली असते, आणि विकणारा म्हणतो, “वहिनी, डॉक्टरांची गाडी आहे, फक्त दवाखान्यापर्यंत फिरली आहे.” आता ती गाडी खरोखर कोठे कोठे फिरली, हे तिला कसे विचारायचे?

खानदेशातल्या बाईला हे शिकवायला नको. बाजारात बैल घेताना आपले वडील-आजोबा त्याचे दात पाहत. मडके घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो. आणि शेत घ्यायचे झाले तर? शेत कितीही काळेभोर असो, विहिरीला कितीही पाणी असो, सातबारा पाहिल्यावाचून कोणी बयाणा देत नाही. मालक कोण, किती वाटेकरी, इतर हक्कांत कोणत्या सोसायटीचा वा बँकेचा बोजा आहे काय, फेरफार कधी व कसा झाला, हे तलाठ्याकडून काढून मगच पुढचे बोलणे. मला आज आपल्याला एवढेच सांगावयाचे आहे की, गाडीलाही असाच सातबारा असतो. तो पैसे देण्यापूर्वी वाचला पाहिजे, आणि पैसे दिल्यानंतर त्यावर आपले नाव चढविले पाहिजे. या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत. पहिली केली आणि दुसरी राहिली, तरी घरावर संकट येऊ शकते.

हा सातबारा आहे तरी कोठे? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे प्रत्येक गाडीची नोंदणी प्रादेशिक परिवहन कार्यालयात, म्हणजे आपण ज्याला आर. टी. ओ. म्हणतो तेथे, झालीच पाहिजे. पूर्वी या नोंदी त्या त्या कार्यालयाच्या जाडजूड वह्यांत असत. जळगावची वही जळगावला, सुरतेची सुरतेला. तिकडच्या गाडीची खातरजमा करायची तर प्रवासखर्च करून जावे लागे, आणि तेवढे कोण करतो? पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘वाहन’ नावाची संगणकावरील नोंदवही तयार केली आणि देशातील बहुतेक सर्व राज्यांच्या नोंदी तीत आल्या. आज परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा ‘एम-परिवहन’ या मोबाईलवरील सोयीत गाडीचा क्रमांक घातला की ती नोंद समोर येते. त्यासाठी दलाल लागत नाही. आपल्या मोबाईल क्रमांकाने एकदा नाव नोंदवावे लागते इतकेच.

त्या नोंदीत काय दिसते ते क्रमाने सांगते. एक, गाडीची बनावट, प्रकार आणि इंधन. दोन, पहिल्या नोंदणीची तारीख, म्हणजे गाडीचे खरे वय. तीन, सध्याचा मालक कितवा, पहिला, दुसरा की चौथा. चार, गाडीवर कर्जाचा बोजा आहे काय. पाच, नोंदणी, विमा आणि प्रदूषण दाखला कोठवर चालू आहेत. सहा, गाडी काळ्या यादीत घातलेली आहे काय. मालकाचे नाव मात्र पुरते दिसत नाही. मधल्या अक्षरांच्या जागी फुल्या असतात. काहींना ही अडचण वाटते. मला तरी ते योग्यच वाटते. रस्त्यात दिसलेल्या गाडीचा क्रमांक घालून ती कोणा बाईची आहे हे कोणालाही कळू लागले, तर ते आपल्याला चालेल काय? विकणाऱ्याकडे मूळ आर. सी. असतेच, तिच्यावरील नाव आणि फुल्यांमधली अक्षरे जुळतात की नाही, एवढे आपल्याला पुरे.

आता यांतील तीन-चार गोष्टींकडे जरा बारकाईने पाहू.

पहिली गोष्ट बोज्याची. गाडी कर्जावर घेतली असेल तर आर. सी. वर सावकाराचे, म्हणजे बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे नाव चढते. कर्ज फिटले तरी ते नाव आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेची ना-हरकत आणि नमुना ३५ परिवहन कार्यालयात द्यावा लागतो. विकणारा म्हणेल, “हप्ते केव्हाच फिटले हो, नाव काढायचे तेवढे राहिले आहे.” तसे असेलही. पण मग ते नाव त्यानेच काढून द्यावे आणि आपण त्यानंतर पैसे द्यावे. बोजा उतरविल्याशिवाय शेत घेणाऱ्याला जशी सोसायटीची नोटीस येते, तशीच येथे कर्ज थकले असेल तर वसुलीवाला दारातून गाडी घेऊन जातो. आपण पैसे दिले होते, हे सांगून त्याच्यापुढे भागत नाही.

दुसरी गोष्ट चोरीची. चोरीची गाडी चोराच्या पाटीवर कधी येत नाही. त्याच रंगाच्या, त्याच बनावटीच्या दुसऱ्या सरळ गाडीचा क्रमांक तिच्यावर लावलेला असतो. अशा वेळी नुसता पाटीवरचा क्रमांक घालून पाहिले तर नोंद अगदी स्वच्छ दिसते, कारण ती दुसऱ्याच गाडीची असते! म्हणून पाटीवर विसंबू नये. प्रत्येक मोटारीच्या सांगाड्यावर सतरा अक्षरांचा चासिस क्रमांक कोरलेला असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरीत नाहीत, कारण ती एक, शून्य यांच्याशी घोटाळतात. इंजिनावरही वेगळा क्रमांक असतो. हे दोन्ही क्रमांक आपल्या डोळ्यांनी वाचून, कागदावर उतरवून, आर. सी. शी अक्षरन् अक्षर ताडून पाहावेत. कोरलेल्या जागी घासल्याची, झाळल्याची वा नव्या रंगाची खूण दिसली तर तेथूनच नमस्कार करून घरी यावे.

याला आणखी एक आधार आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ‘वाहन समन्वय’ नावाची यादी असते. पोलिसांत नोंद झालेल्या चोरीच्या व सापडलेल्या गाड्या तीत असतात. नोंदणी, चासिस आणि इंजिन या क्रमांकांवरून आपली गाडी त्या यादीत आहे की नाही, याचा दाखला नागरिकाला मिळतो. चोरीची गाडी घेतल्यास आपण निर्दोष असलो तरी गाडी जप्त होते. जे आपले नाही त्याची मालकी दुसऱ्याला देता येत नाही, हा १९३० च्या मालविक्री कायद्याचाच नियम आहे. जिने पैसे दिले तिने ते चोराकडून वसूल करावेत, आणि चोर तोवर कोठे असतो ते सांगायला नको.

पाटीविषयीही दोन शब्द. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी लागूनच येते, आणि त्याआधीच्या गाड्यांनाही ती बसविणे महाराष्ट्रात सक्तीचे केले आहे. तिच्यावर अशोकचक्राचे चमकते चिन्ह असते, लेसरने कोरलेला तिचा स्वतंत्र क्रमांक असतो, आणि ती न उघडणाऱ्या खिळ्यांनी बसविलेली असते. मोटारीच्या पुढच्या काचेवर आतून एक चिकटपट्टीही लावतात. पेट्रोलच्या गाडीला ती निळी आणि डिझेलच्या गाडीला नारिंगी असते. गाडी डिझेलची आणि पट्टी निळी, असे दिसले तर विचारणा केलीच पाहिजे.

तिसरी गोष्ट परराज्यातल्या गाडीची. दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ पासून न्यायाधिकरणाच्या आदेशाने बंधने आली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या कमी किमतीत बाहेर पडू लागल्या. स्वस्त दिसते म्हणून मोह होतो. पण दुसऱ्या राज्यातली गाडी येथे नावावर करायची तर तेथील कार्यालयाची ना-हरकत, म्हणजे नमुना २८, लागते आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. तेव्हा किंमत ठरविताना हा कर, नव्या नोंदणीचा खर्च आणि हेलपाटे यांची बेरीज आधी करावी. पुष्कळ वेळा ‘स्वस्त’ गाडी शेजारच्या जळगावातल्या गाडीहून महाग पडते.

चौथी गोष्ट दंडाच्या पावत्यांची. हल्ली वाहतूक पोलीस जागेवर दंड न घेता गाडीच्या क्रमांकावर चलन टाकतात. जुन्या मालकाची न भरलेली चलने गाडीच्या मागे राहतात. ती पाहण्याची सोयही सरकारी संकेतस्थळावर आहे. मात्र येथे एक सावधगिरी सांगते. ‘तुमच्या गाडीचे चलन’ असे म्हणून व्हॉट्सॲपवर एखादी फाईल आली तर ती मुळीच उघडू नये. तशा फाईलमधून फोन आणि त्यामागून बँकेचे खाते लुबाडणारे लोक आहेत. चलन पाहायचे तर आपण होऊन सरकारी जागी जाऊन पाहावे.

येथवर ऐकून आपल्याला वाटेल की एवढी मोठी नोंदवही असल्यावर चिंता कसली! पण सातबाऱ्यावर जमिनीचा पोत लिहिलेला नसतो, तद्वत ‘वाहन’ नोंदीत गाडीची प्रकृती लिहिलेली नसते. गाडीला अपघात झाला होता काय, ती पुरात बुडाली होती काय, ती खरोखर किती किलोमीटर चालली, या तीन प्रश्नांची उत्तरे ती नोंद देत नाही. आणि नेमक्या याच तीन जागी खरेदीदार फसतो.

पुराचेच घ्या. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो मोटारी पाण्याखाली गेल्या. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत कतरिना नावाचे वादळ येऊन न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. तेथेही असंख्य गाड्या भिजल्या. तेथील विमा कंपन्यांच्या गुन्हेशोध संस्थेने बुडालेल्या गाड्यांचे चासिस क्रमांक गोळा करून यादी लोकांसाठी खुली केली, कारण धुऊन-पुसून त्या गाड्या दुसऱ्या राज्यांत खपविल्या जातील हे त्यांना ठाऊक होते. आपल्याकडे मुंबईच्या बुडालेल्या गाड्यांची अशी खुली यादी झाली नाही. त्यांतल्या काही कोणाकोणाच्या दारी गेल्या असतील, याचा विचारच करावा.

याहून जवळचा दाखला नवी मुंबईचा आहे. पनवेलजवळ पुराच्या पाण्याने खराब झालेल्या चारशेच्या वर नव्या मोटारी भंगार म्हणून विकल्या गेल्या होत्या. भंगार म्हणजे त्या मोडून लोखंडाच्या भावाने जायच्या. परंतु एका टोळीने चासिस क्रमांकांत फेरफार करून, खोटे कागद बनवून त्या निरनिराळ्या राज्यांत नोंदविल्या आणि चांगल्या गाड्या म्हणून विकल्या. पुढे नवी मुंबई पोलिसांनी ही टोळी पकडली आणि सुमारे दीडशे गाड्या जप्त केल्या. त्यांतील प्रत्येक गाडीमागे पैसे मोजलेले एखादे घर होते, हे आपण विसरू नये. या लोकांनी आर. सी. पाहिली नसेल असे नाही. नोंदच खोटेपणाने करविलेली होती. म्हणून नोंद पाहणे आवश्यक आहे, पण तेवढ्यावर थांबणे शहाणपणाचे नाही.

मग नोंदीपलीकडचे कसे शोधायचे? त्यासाठी घरबसल्या करण्याजोगे दोन उपाय सांगते. पहिला विम्याच्या कागदाचा. संपूर्ण विमा असेल तर त्या कागदावर ‘नो क्लेम बोनस’ म्हणून एक सूट लिहिलेली असते. वर्षभर नुकसानभरपाई मागितली नाही तर पुढच्या वर्षी वीस टक्के, आणि तशी पाच वर्षे गेली तर पन्नास टक्क्यांपर्यंत ती वाढते. भरपाई घेतली की ती बहुधा शून्यावर येते. सहा वर्षांची गाडी, विकणारा म्हणतो कधी ओरखडाही उमटला नाही, आणि विम्याच्या कागदावर सूट शून्य! तेव्हा शांतपणे विचारावे, “भाऊ, मागल्या वर्षी काय झाले होते?” कदाचित विमा मध्येच खंडित झाला असेल, कदाचित गाडी नुकतीच हाती आली असेल, कारण ही सूट गाडीची नसते, माणसाची असते. पण प्रश्न विचारायला आपल्याला जागा मिळते.

दुसरा उपाय दुरुस्तीच्या नोंदींचा. कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत गाडी गेली की प्रत्येक खेपेला किलोमीटरचा आकडा आणि केलेले काम लिहून ठेवतात. विकणाऱ्याला बरोबर घेऊन तो उतारा मागावा. दोन वर्षांपूर्वी ऐंशी हजारांचा आकडा असेल आणि आज पुढच्या फळीवर पंचावन्न हजार दिसत असेल, तर गाडी उलटी चालली काय, असे विचारण्यास हरकत नाही. काटा मागे फिरविणे ही जगभरची लबाडी आहे. अमेरिकेत १९८४ साली मिसुरी राज्यातील कोलंबिया गावी गाडीचा पूर्वेतिहास विकणारी ‘कारफॅक्स’ ही संस्था निघाली ती याच लबाडीवर उपाय म्हणून. बेल्जममध्ये तर २००४ साली कायदाच झाला. प्रत्येक दुरुस्ती-कारखान्याने किलोमीटरचा आकडा एका ठिकाणी कळविलाच पाहिजे, आणि जुनी गाडी विकताना त्या आकड्यांचा दाखला, ‘कार-पास’, खरेदीदाराला दिलाच पाहिजे. आपल्याकडेही असे एका ठिकाणी सर्व जुळून आले तर किती घरांचे पैसे वाचतील! तोवर ते तुकडे आपणच जुळवावयाचे.

आणि हे सर्व झाल्यावर ओळखीच्या मेकॅनिकला गाडी दाखवावी, दिवसाउजेडी दाखवावी. गालिचा उचलून चिखलाचा थर, खुर्च्यांच्या लोखंडाला गंज, पट्टे ओढून शेवटच्या टोकाला पाण्याची रेघ, एवढे तर आपणसुद्धा पाहू शकतो. दर आठवड्याला पिठाचा डबा उन्हात ठेवणाऱ्या बाईला ओलीचा वास ओळखायला शिकवावे लागत नाही.

आता सौदा ठरला, पैसे दिले, गाडीला हार घातला, पेढे वाटले. येथे पुष्कळ घरे थांबतात, आणि खरा धोका येथेच सुरू होतो. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने एकाच राज्यातील व्यवहार असेल तर १४ दिवसांत विक्री कळवावयाची आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपले नाव लावण्यासाठी कळवावयाचे. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० आहेत. पण रीत अशी पडली आहे की, विकणारा कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देतो, दलाल ते कागद खणात ठेवतो, आणि गाडी हातोहात पुढे जाते. नोंदवहीत मात्र पहिलाच मालक राहतो.

असे राहिल्याने काय होते ते सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालावरून सांगते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी २००७ साली विकली गेली होती. पुढे ती आणखी काही हात फिरली. २००९ साली अपघात होऊन एका मुलाचा जीव गेला. नोंदणी तेव्हाही पहिल्याच माणसाच्या नावे होती. तो म्हणाला, मी तर गाडी केव्हाच विकली. न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सांगितले की, नोंदवहीत ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. अपघातग्रस्ताच्या कुटुंबाने विक्रीच्या साखळीचा माग काढीत हिंडायचे नाही. भरपाई नोंदीतल्या मालकाने द्यावी. दीपनगरातून बदली होऊन जाताना घाईत गाडी देऊन टाकणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हा निकाल ध्यानात ठेवावा. विकून टाकलेली गाडी दोन वर्षांनी दारात उभी राहू शकते, आणि तीही लाखांची मागणी घेऊन.

घेणाऱ्यानेही विमा आपल्या नावावर करून घेण्यास १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा. पत्राशिवाय ठेवलेल्या विम्यावर भरपाई मागताना जो त्रास होतो, तो टाळता येतो.

आणखी एक गोष्ट, जी विशेषेकरून आपल्यासाठी आहे. गाडी बहुधा यजमानांच्या नावावर असते. दुर्दैवाने त्यांचे काही बरेवाईट झाले तर गाडी घरात उभी राहते आणि तिची नोंद तशीच पडून राहते. वारसाने ३० दिवसांत मृत्यूची खबर कार्यालयास द्यावयाची आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव लावून घ्यावयाचे असते. दुःखाच्या दिवसांत हे कोणाला सुचणार? म्हणून २०२१ पासून झालेल्या सोयीचा लाभ घ्यावा. आर. सी. वर आपल्या पश्चात कोणाच्या नावे गाडी व्हावी, त्याचे नाव आधीच नोंदवून ठेवता येते. बँकेच्या खात्याला आपण जसे वारसनाव लावतो, तसेच हे. आज घरी गेल्यावर आपल्या आर. सी. त ते आहे काय, एवढे पाहा.

दुकानदारांकडून गाडी घेणाऱ्यांसाठीही एक नियम झाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यावयाचे आहे. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची खबर कार्यालयाला द्यावयाची असते, आणि गाडी त्याच्याकडे असेपर्यंत तिची जबाबदारी त्याच्यावर राहते. योगायोग असा की, त्याच १ एप्रिल २०२३ पासून सोन्याचा दागिना सहा अक्षरांच्या शिक्क्यावाचून विकण्यास सराफांना बंदी झाली. जळगावच्या सराफाकडे आपण आता भिंग मागून तो शिक्का पाहतो आणि मोबाईलवर ताडूनही पाहतो. सराफाला त्यात अपमान वाटत नाही. मग गाडीच्या दुकानदाराला ‘आपले अधिकारपत्र दाखवा’ म्हणताना आपण का अडखळतो?

खरी अडचण मात्र दुकानदारापाशी नाही, ओळखीच्या माणसापाशी आहे. शेजारच्या चाळीतले भाऊजी, एकाच पाळीवर काम करणारे मित्र, मावसभावाचे साडू! त्यांच्याकडे कागद कसे मागायचे? ‘आमच्यावर विश्वास नाही काय?’ असे ते म्हणतील, आणि हळदीकुंकवाला त्यांच्या घरी जायचे कोणत्या तोंडाने, असे आपल्याला वाटते. त्यावर मला आपल्या विद्युत केंद्रातलीच एक रीत आठवते. पाळी बदलताना सुटणारा माणूस तापमान, दाब, बिघाड, केलेली दुरुस्ती असे सारे वहीत लिहितो, येणारा ते वाचून सही करतो आणि मगच ताबा घेतो. दोघे जिवलग मित्र असले तरी वही चुकत नाही. कोणी म्हणत नाही की, माझ्या शब्दावर तुझा विश्वास नाही. वहीमुळेच दोघांची मैत्री टिकते, कारण उद्या यंत्र बिघडले तर कोणी कोणावर बोट ठेवीत नाही. गाडीच्या व्यवहारातही नोंद मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. उलट सहा महिन्यांनी बिघडणारे संबंध त्यामुळे आज सांभाळले जातात.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्यातल्या ज्या मुली महाविद्यालयात जातात त्यांना मोबाईलवर या नोंदी पाहणे सोपे जाते. ज्या वडीलधाऱ्या आहेत त्यांना व्यवहार आणि माणसे कळतात. महिन्यातून एका दुपारी दोघींनी मिळून मंडळाच्या जागेत बसावे. ज्या घरी गाडी घ्यायची किंवा विकायची असेल त्या घरच्या बाईने क्रमांक घेऊन यावे, आणि नोंद, बोजा, चलने, विमा, नाव लावण्याचे नमुने हे सर्व तिला समजावून द्यावे. यास पैसा लागत नाही. आपले मंडळ शिवण शिकविते, भिशी चालविते, आजारपणात धावून जाते. त्यांत हे एक काम सहज बसेल.

आपण मेहनतीने जमविलेला पैसा एका दुपारच्या आळसापायी जाऊ नये, एवढीच माझी इच्छा. बयाण्यापूर्वी नोंद वाचा, बयाण्यानंतर नाव लावा.